एक जिवंत सरदार

झेगरने अंगरख्याच्या आत कमरेला दोर गुंडाळला होता, आणि नेमका तो बाउदिनच्या नजरेला पडला.

"काय व्याहीबुवा, उपाशीपोटी पोट कसं सुटलं?"

"गप बस."

"बसतो की. पण दोर कशाला? फास लावून घ्यायला एक झाड तरी आहे का इथे?"

झेगरने भाला या हातातून त्या हातात घेतला आणि समोर पाहत राहिला. समोर ओढा, ओढ्यापलीकडे कोर्ट्राइकची कुरणं, आणि कुरणांच्या पार टोकाला फ्रान्सच्या राजाचे अडीच हजार घोडेस्वार. पाठीमागे लेई नदी. पळायचं म्हटलं तर पोहत पळायचं, आणि अंगात साखळीचा सदरा असला तर नदीच्या तळावरून चालत जायचं. आमच्या सेनापतींनी जागा मुद्दाम हुडकून काढली होती. विणकरांवर त्यांचा भारी विश्वास!

दोर कशाला, हे बाउदिनला पक्कं ठाऊक होतं. विचारायचं म्हणून विचारलं, इतकंच. ब्रुगेच्या एकाच मागावर दोघं चौदा वर्षं शेजारी बसत होते. रुंद लोकरी कापडाचा माग एकट्याच्या बापाला चालत नाही. एकाने डावीकडून धोटा फेकायचा, दुसऱ्याने उजवीकडे झेलायचा. गेल्या वर्षी झेगरच्या लामसिनने बाउदिनच्या माबेलीशी लग्न केलं आणि मागावरचे जोडीदार व्याही झाले. बायकामाणसांसमोर आता ‘अहो-जाहो’ चालायचं, मागावर पूर्वीचंच ‘अरे-तुरे’.

वसंतात राजाच्या अधिकाऱ्यांनी ब्रुगेतून चाळीस ओलीस मागितले. गाव गुण्यागोविंदाने राहील याची हमी म्हणून. विणकरांच्या पंचायतीत चिठ्ठ्या पडल्या आणि लामसिनचं नाव निघालं. चाळीसही जणांना दोर्निकच्या बुरुजात नेऊन टाकलं. आणि मे महिन्यात काय झालं, तर एका पहाटे ब्रुगे उठलं आणि राजाचे शिपाई अंथरुणातच कापले. झेगरही त्यात होता. दोघांना त्याने स्वतःच्या हाताने संपवलं. त्या पहाटे ओलिसांची आठवण कुणाला झाली नाही. खरं सांगायचं तर झेगरलाही नाही. आठवण झाली ती संध्याकाळी, हात धुताना.

पंधरा दिवसांनी हेरिंग विकणारा एक जण दोर्निकहून निरोप घेऊन आला. किल्लेदार म्हणाला होता, ‘लढाई झाली की ओलीस एकेक करून फासावर. मात्र आमचा एक सरदार जिवंत आणून द्या आणि तुमचा एक माणूस जिवंत न्या.’ माबेलीला तेव्हा सहावा लागला होता.

"एकच पकडायचा," झेगर हलक्या आवाजात म्हणाला. "एकच. बाकीचे गेले खड्ड्यात."

"आणि सकाळचा हुकूम ऐकलास ना?"

हुकूम सगळ्या रांगांनी ऐकला होता. लूट करायची नाही. कैदी धरायचा नाही. जो धरेल त्याला शेजारच्याने जागच्या जागी ठार करायचं. सरदार लोक एकमेकांना मारत नाहीत, धरतात आणि सोनं घेऊन सोडतात. तो त्यांचा धंदा. पण आठ रांगांतले विणकर, खाटीक आणि रंगारी असले सोन्याचे मासे धरायला ओढ्यात उतरले तर उरलेल्यांची चटणी व्हायला वेळ लागणार नाही, हे सेनापतींना कळत होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"माझ्या शेजारी तूच आहेस," झेगर म्हणाला.

बाउदिनने खाली थुंकून घेतलं. "एका बाजूला मी आहे. दुसऱ्या बाजूला तो बघ कोण आहे."

दुसऱ्या बाजूला लिप्पिन होता. कापड खुंदणारा. ही खुंदणारी मंडळी आयुष्यभर मुताच्या हौदात उभी राहून कापड तुडवतात आणि विणकरांचा दुस्वास करतात. लिप्पिनचं एक मात्र होतं. हुकूम म्हणजे हुकूम. सेनापतीने ‘स्वतःचं नाक काप’ म्हटलं असतं तर त्याने फक्त ‘कुठून?’ एवढंच विचारलं असतं.

"काय कुजबुजताय रे धोटेवाल्यांनो?" लिप्पिन म्हणाला. "भीती वाटतेय?"

"तुझा वास येतोय," बाउदिन म्हणाला. "फ्रेंचांकडे वारा वळला की लढाई संपलीच समज."

मग पाद्री आला. एवढ्या माणसांना प्रसादाची भाकर कुठून पुरणार? म्हणून प्रत्येकाने पायाखालची चिमूटभर माती तोंडात टाकली. झेगरने माती गिळली आणि माउली मेरीकडे एकच मागणं मागितलं. ते विजयाचं नव्हतं.

दुपारच्या जरा आधी बाणांनी लढाईला तोंड लागलं. फ्रेंचांचे धनुर्धर आणि पायदळ ओढ्यापर्यंत आले. आमचे धनुर्धर मागे सरले, आमच्या रांगाही चार पावलं मागे झाल्या. झेगरच्या मागे उभ्या असलेल्या रंगाऱ्याच्या डोळ्यात बाण शिरला, आणि तो बोंब न मारता, जणू काही आठवल्यासारखा, खाली बसला. फ्रेंच पायदळाने ओढा जवळजवळ ओलांडला होता. अजून घटकाभर त्यांनी रेटा लावला असता तर कोण जाणे, आज आमच्या मुलांची भाषा कुठली असती.

पण पायदळाने लढाई जिंकली तर सरदारांच्या अब्रूचं काय? विजयाने कसं घोड्यावर बसून यायला हवं! कर्णे वाजले, पायदळाला मागे बोलावलं गेलं, आणि ते मागे फिरतंय न फिरतंय तोच घोडे त्याच्यातूनच घुसले. आपल्याच माणसांना तुडवत आले. चिखलात पडलेले पायदळवाले हात वर करून आपल्याच राजाच्या नावाने ओरडत होते आणि नाल त्यांच्या तोंडावर पडत होते.

"अरे, स्वतःचीच माणसं!" लिप्पिन खदाखदा हसला. "आपलं काम हेच करतायत की!"

"भाले खाली!" कुणीतरी ओरडलं.

झेगरने भाल्याची मागची टोकणी मातीत रोवली, तिच्यावर टाच दाबली, आणि पातं घोड्याच्या छातीच्या उंचीला धरलं. बाउदिनच्या हातात ‘नमस्कार’ होता. म्हणजे छातीएवढा उंच, जाड सोटा, टोकाला लोखंडी टोपण आणि टोपणातून वर आलेला वीतभर खिळा. नाव आमच्याच लोकांनी ठेवलेलं. पाहुणा दारात आला की आधी नमस्कार घालायचा. भालेवाल्याने घोडा थोपवायचा, नमस्कारवाल्याने माणूस पाडायचा. एकटा भाला कुचकामी, एकटा नमस्कार त्याहून कुचकामी. ब्रुगेच्या विणकरांना हे शिकवायला कुणी उस्ताद लागला नाही.

ओढ्याने पहिलं काम केलं. घोडे उडी मारून अलीकडे आले खरे, पण दौडायला पुढे जागाच उरली नव्हती. काही आत पडले, त्यांच्यावर मागचे पडले. जे चढून आले ते भाल्यांवर आले. झेगरच्या हातांना असा दणका बसला की खांदा निखळला असंच त्याला वाटलं. पातं घोड्याच्या छातीत हातभर गेलं. घोडा बाईसारखा किंचाळला.

"हं!" झेगर ओरडला.

"हं!" म्हणत बाउदिनने सोटा हाणला. शिरस्त्राण वाकलं, स्वार खाली आला, बाउदिनने खिळा त्याच्या डोळ्यांच्या फटीत घातला आणि पाय देऊन उपसला. मागावर धोटा सोडताना दोघं असंच ‘हं’ करायचे. चौदा वर्षांत हा एकच शब्द त्यांनी सगळ्यात जास्त वापरला असेल.

दुसरा आला. हं. हं. तिसऱ्याच्या घोड्याचं पोट फाटलं आणि आतडी बाउदिनच्या पायांत गुंडाळली गेली. शिव्या देत तो त्यांतून बाहेर आला. लिप्पिन पलीकडे एकसारखा हाणत होता, हौदात कापड तुडवावं तसा, ना घाई ना राग. जमीन रक्ताने निसरडी झाली. पडलेल्या सरदाराने हात जोडले तर त्याच्या हातांवर आणि मग डोक्यावर घाव पडत होता. हे त्यांच्या कल्पनेतच नव्हतं. आपल्याला कुणी मारेल, तेही कापड विणणारा माणूस, हे त्या लोकांना मरेपर्यंत खरं वाटलं नाही.

पहिली लाट फुटली. घटकाभर उसंत मिळाली. आणि तेव्हाच ओढ्यातून एक जण वर आला.

घोडा त्याच्या मागे बुडत होता. त्याचा डावा हात लोंबत होता, शिरस्त्राण पडलं होतं, पिकल्या दाढीतून चिखल गळत होता. झेगरपासून तो पाच पावलांवर गुडघ्यांवर बसला, दातांनी उजव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि पुढे धरला. शरण आल्याची त्यांची ही रीत.

"मारू नका! मी ब्राबांटचा, तुमच्या शेजारच्या मुलखातला, मी तुमचीच भाषा बोलतो! सोनं देईन!"

झेगर रांग सोडून पुढे झाला. एक पाऊल, मग दोन, मग पाचही.

"सोनं नको. दोर्निकचा किल्लेदार माहीत आहे?"

"माहीत? अहो, माझ्या बायकोचा भाऊ आहे तो!"

खरं असेल, खोटंही असेल. मरणाच्या दारात माणूस पोपचाही मेहुणा होतो. पण झेगरला ते खरंच वाटलं, कारण ते खरं असायलाच हवं होतं. त्याने मोजा घेतला, भाला बाजूला टाकला, कमरेचा दोर सोडला आणि गुडघ्याने त्या माणसाला खाली दाबून हात बांधायला लागला. लामसिन. दोर्निकच्या बुरुजाचं दार. लामसिन दाराबाहेर, उन्हात डोळे चोळत.

"ए! ए धोटेवाल्या!" लिप्पिनने पाहिलं होतं. "कैदी धरतोयस? बाउदिन, तुझा शेजारी कैदी धरतोय!"

"दिसतंय मला."

"मग हो पुढे. हुकूम आहे. तू हाणतोस की मी हाणू?"

बाउदिन हलला नाही. झेगरने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बाउदिनच्या तोंडावर रक्त आणि चिखल इतका होता की डोळे तेवढे ओळखीचे वाटत होते.

"माझा जावई आहे रे तिकडे," बाउदिन लिप्पिनला म्हणाला. भांडणाचा आवाज नव्हता तो. "पोरगी पोटुशी आहे. एकच नेतोय तो. तू दोन श्वास दुसरीकडे बघ."

"माझा भाचा आहे तिकडे!" लिप्पिन ओरडला. "सांगितलं का मी कुणाला? धरला का मी कुणाला? आता माझ्यासमोर तिघं हात जोडून बसले होते, तिघांची डोकी फोडली मी! हो बाजूला!"

भाच्याचं दोघांनाही ठाऊक नव्हतं. लिप्पिन सोटा उगारून झेगरवर धावला. बाउदिनने आपला सोटा आडवा घातला. लाकडावर लाकूड आपटलं. तीन माणसं, तिघांची तोंडं चुकीच्या दिशेला, आणि भिंतीसारख्या रांगेत तीन माणसांचं भोक.

फ्रेंचांची दुसरी लाट नेमकी त्या भोकात आली. घोडेस्वाराला आणखी काय हवं असतं?

लिप्पिनने मान वळवली आणि भाला त्याच्या गळ्यातून आरपार गेला. पुढचा घोडा त्याच्या अंगावरून गेला, त्यामागे आणखी दोन. बाउदिन एकटाच उभा राहिला. सोटा वर, पुढे भाला नाही. नुसत्या सोट्याने दौडता घोडा थांबत नाही. त्याने तरी हाणला, घोड्याच्या गुडघ्यावर, आणि घोडा त्याच्या अंगावर कोसळला. बाउदिनचे दोन्ही पाय त्याखाली गेले. स्वार उडी मारून बाजूला झाला आणि तलवार उपसून वळला.

"हं!" बाउदिन ओरडला. "झेगर, हं!"

झेगर भाल्याकडे झेपावला. भाला उचलेना. ब्राबांटच्या त्या सरदाराने अर्धवट बांधलेले हात सोडवून उजव्या हाताने दांडा छातीशी घट्ट कवटाळला होता.

"थांब, वेड्या! माझी माणसं आली आता. इथेच पडून राहा, माझ्या शेजारी. मी तुला वाचवतो. तुझा जो कुणी दोर्निकला असेल तो तुला आणून देतो. देवाशपथ देतो!"

आणि सांगतो, तो खरं बोलत होता. असली माणसं इतर बाबतीत कशीही असोत, दिलेला शब्द पाळतात. झेगरलाही ते कळलं. आडवं पडायचं, तोंड चिखलात घालायचं, आणि पोरगा परत मिळवायचा. इतकं स्वस्त त्याला आयुष्यात कधी काही मिळालं नव्हतं.

"हं!" बाउदिन पुन्हा ओरडला. या वेळी आवाज फाटला.

झेगरने कमरेचा सुरा काढला आणि त्या म्हाताऱ्याच्या काखेत, जिथे चिलखत उघडं असतं तिथे, मुठीपर्यंत घातला. म्हातारा आश्चर्याने त्याच्याकडे बघत राहिला. "अरे, पण मी शब्द दिला ना," एवढं बोलला, आणि त्याचं तोंड रक्ताने भरलं. झेगरने त्याला पायाने ओढ्यात लोटलं, भाला ओढून घेतला आणि धावला. पातं स्वाराच्या कमरेत शिरलं. तो पडल्यावरही झेगर भोसकत राहिला. चार वेळा, पाच वेळा, नंतर मोजायचं भानच उरलं नाही.

पण स्वाराने आपलं काम आधीच उरकलं होतं. बाउदिनचं पोट बरगड्यांपासून खाली उघडं होतं.

मागे राखून ठेवलेली तुकडी आरडाओरडा करत आली आणि भोक बुजलं. आत घुसलेल्या घोडेस्वारांना दोन्हीकडून भाल्यांवर घेतलं. लढाई दहा पावलं पुढे सरकली, आणि घोड्याच्या मढ्याशी दोघेच राहिले. झेगर चिखलात बसला आणि त्याने बाउदिनचं डोकं मांडीवर घेतलं.

"आपला माणूस," बाउदिन म्हणाला. "जिवंत आहे ना?"

सरदार सहा हातांवर ओढ्यात पालथा पडला होता. पाण्याने त्याची दाढी हलत होती. झेगर थोडा सरकला, बाउदिनला ओढा दिसणार नाही असा.

"आहे."

"खरं सांग."

"अरे आहे म्हणतो ना. मागे पाठवला, राखीव तुकडीतल्या एका ओळखीच्याबरोबर. किल्लेदाराचा सख्खा मेहुणा निघाला. एकाच्या जागी दोन सोडतील बघ, लिप्पिनचा भाचाही सोडवू."

बाउदिन हसला. हसताना त्याने पोटावरचे हात आणखी घट्ट दाबले. "मेहुणा! नशीबवान आहेस भडव्या."

"हो."

"मला वाटलं, तू त्याला सोडून येशील. मी हाक मारली ना. वेड्यासारखी मारली. मारायला नको होती."

"मी ऐकलीच नाही," झेगर म्हणाला.

"बरं झालं," बाउदिन म्हणाला, आणि त्याला ते मनापासून बरं वाटलेलं दिसत होतं. मग तो पाण्याबद्दल काहीतरी बोलला आणि मेला.

झेगरला रडायला वेळ मिळाला नाही. राखीव तुकडीच्या एका नायकाने त्याला कॉलर धरून उठवलं. "ऊठ! पळायला लागलेत ते! भाला उचल!" आणि खरंच पळत होते. ज्यांना पळता येत नव्हतं ते ओढ्यात रुतले होते, घोड्यांखाली अडकले होते, आणि ब्राबांटवाले आता आमचीच रणघोषणा ओरडत होते, आमच्याच भाषेत, आपण तुमच्यातलेच म्हणून. तेवढ्यात नवा हुकूम रांगेवरून आला. भाषा ऐकत बसू नका, पायाकडे बघा. टाचेला घोड्याला टोचायची आर असेल त्याला मारा.

झेगरने टाचा बघितल्या. एकाने त्याच्यापुढे मोजा धरला, त्याने त्याला मारलं. एक जण नुसताच पोरसवदा होता, रडत होता, आईचं नाव घेत होता. त्यालाही मारलं. एकाला तर चिलखताच्या वजनाने उठताच येत नव्हतं. तो चिखलात पडल्या पडल्या शांतपणे आपण कोण, कुठले, आपले कोण कोण नातेवाईक आहेत ते सांगत होता, बाजारात ओळख काढावी तसा. झेगरने ते पुरतं ऐकून घेतलं आणि मग त्याला मारलं. उन्हं कलेपर्यंत सात झाले. सातही जण जिवंत हाती लागले होते, आणि त्यांतला कुठलाही एक पुरला असता.

संध्याकाळी लोक नाचत होते, बिअरची पिंपं फुटत होती, मेलेल्या सरदारांच्या टाचांच्या सोनेरी आरांच्या टोपल्या चर्चकडे चालल्या होत्या. लूट आता मोकळी होती. झेगरने कशालाही हात लावला नाही. त्याने एक हातगाडी मिळवली, बाउदिनला आणि लिप्पिनला तिच्यात शेजारी शेजारी ठेवलं, वर गोणपाट टाकलं आणि ब्रुगेचा रस्ता धरला.

वाटेत येणारे जाणारे त्याची पाठ थोपटत होते. "जिंकलो रे! आता कुणाची हिंमत आहे?" तो मान हलवत होता. गाडी जड होती, आणि रस्ताभर तो एकाच गोष्टीचा विचार करत होता. माबेली वेशीवर उभी असणार. तिला आधी बाप कसा गेला ते सांगायचं, की नवरा का येणार नाही ते.